शेवंती डोळे मिचकावते!

“ताई, बघ, बघ! आजोबांनी इंडिकेटर लावला आणि शेवंती दोन्ही डोळे मिचकावून राहिली!”

विपुल कुंड्या ओलांडत ओरडला. त्याच्यामागे त्याची ताई प्रणोती धावली, आणि तिच्यामागे एकाच पायात चप्पल घालून त्यांची चुलत बहीण स्वानंदी.

शेवंती म्हणजे कुणी मुलगी नव्हे हं! ती रामकृष्ण आजोबांची वीस वर्षांची हिरवी पिकअप गाडी. अधारतालला घरामागे आजोबांची नर्सरी होती, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या गोरखपूर मोहल्ल्यापर्यंतच्या घरांमधली जास्वंद शेवंतीच्याच पाठीवर बसून गेली होती. प्रणोती आणि विपुल दर दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्याच राइट टाउनहून इथे येत, ते फराळासाठी कमी आणि शेवंतीतून फिरण्यासाठी जास्त.

यंदा मात्र शेवंती दसऱ्यापासून रुसली होती. किल्ली फिरवली की नुसतं “कट्!” खूप मिनतवाऱ्या केल्या की एकदाची सुरू व्हायची. नथ्थू मिस्त्रीने नवी बॅटरी बसवली, तरी तेच. शेवटी त्याने बॉनेट आपटून निकाल देऊन टाकला, “बाबूजी, पूरी वायरिंग गई. कबाड में दे दो!” आज चार वाजता तो गिऱ्हाईकच घेऊन येणार होता.

“परवा भर रस्त्यात दोन तास अडकलात, बाबा,” स्वानंदीचे वडील अच्युतकाका जेवताना म्हणाले. “आता बस झालं. वय झालं तुमचं. रोपं न्यायला टेम्पो बोलवत जाऊ.”

एरवी चार पोळ्या खाणारे आजोबा एकीवरच उठले आणि खोलीत जाऊन पडले. प्रणोतीला फार वाईट वाटलं. शेवंती गेली की आजोबांचं बाहेर पडणंच संपणार, हे तिला कळत होतं.

“चला रे,” ती दोघांच्या कानात म्हणाली. “आपल्याकडे दोन तास आहेत.”

तिघं बॉनेटखाली डोकं घालून उभी राहिली.

“इंडिकेटर लावला तर हेडलाइट काहून मिचकतात?” विपुलने विचारलं.

“भूत असेल,” स्वानंदी म्हणाली.

“भुताला दुसरी कामं नाहीत का गं?” प्रणोती म्हणाली. “नीट विचार कर. बॅटरीतून वीज तारेने दिव्याकडे जाते. मग परत कशी येते?”

“दुसऱ्या तारेने!” विपुल म्हणाला.

“शोध बरं ती दुसरी तार!”

विपुलने हेडलाइटमागे हात घातला. “अरेच्चा! ही तर वीतभरच आहे. पत्र्यालाच कसलीय!”

“म्हणजे वीज शेवंतीच्या लोखंडी अंगातूनच परत येते!” प्रणोती म्हणाली. “सगळ्या दिव्यांचा परतीचा रस्ता एकच. तोच अडला असेल तर वीज बिचारी भलत्याच दिव्यातून वाट काढणार!”

“मग नथ्थूभैयाने हे पाहिलं नाही?” स्वानंदीने विचारलं.

“त्याने पाच मिनिटांत बॉनेट बंद केलं होतं. मी स्वतः पाहिलं ना!” विपुल म्हणाला.

आजोबांच्या हत्यारांच्या पेटीत दोन तारा जोडलेला एक बल्ब होता. स्वानंदीने आत बसून हेडलाइट लावले. प्रणोतीने बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला टेकवली आणि दुसरी मायनसला. बल्ब लख्ख पेटला! मग दुसरी तार तिने इंजिनच्या एका बोल्टला टेकवली. बल्ब मलूल झाला.

“सापडलं! मायनसपासून इंजिनपर्यंतच्या वाटेवरच कुठेतरी गडबड आहे!”

मायनसची जाड काळी केबल खाली चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने कसलेली होती. तिघांनी वाकून पाहिलं. केबलचं टोक, बोल्ट, लोखंड, सगळ्यावर काळ्या रंगाचा जाडजूड थर!

रंगातून वीज जाणार कशी? प्रणोतीच्या सगळं लक्षात आलं. आजोबांनी तीस वर्षं फॅक्टरीच्या रंगखात्यात, म्हणजे पेंट शॉपमध्ये, काढलेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, तर त्याआधी गाडी नवरीसारखी सजलीच पाहिजे, हा त्यांचा नेम. यंदा तर त्यांनी एकेक बोल्ट काढून, खालून रंग देऊन परत बसवला होता. वरवर रंगवणं त्यांना मंजूरच नव्हतं!

“म्हणजे आजोबांनीच...” विपुल ओरडणार, तेवढ्यात प्रणोतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू! काकांना कळलं तर म्हणतील, बघा, बाबांना आता जमत नाही. गुपचूप साफ करू. स्वानंदी, तू काकांना सांभाळ!”

स्वानंदी पळालीच. “पप्पा, आकाशकंदिलाला शेपट्या लावून द्या ना! नाही नाही, ही टेढी झाली. फिर से!” अच्युतकाकांची दहाही बोटं खळीने चिकटली, आणि अंगणाकडे बघायची त्यांना फुरसतच मिळेना.

इकडे प्रणोतीने आधी बॅटरीची मायनस सोडवली. ते आजोबांनीच शिकवलं होतं. बोल्ट काही हलेना. विपुल पान्याला अक्षरशः लोंबकळला, तेव्हा तो कुरकुरत फिरला. मग पॉलिशपेपरने घासाघास! खालचं लोखंड चांदीसारखं चकाकेपर्यंत दोघं थांबली नाहीत. पुन्हा सगळं कसून होतंय तोच फाटक वाजलं.

नथ्थू मिस्त्री आला होता. सोबत गिऱ्हाईकही. आवाज ऐकून आजोबाही खोलीतून बाहेर आले.

“आजोबा,” प्रणोती म्हणाली, “एकदा, शेवटचं, सुरू करून बघा ना.”

“अरे बिटिया, क्यों टाइम खराब करना?” नथ्थू हसला.

आजोबांनी किल्ली फिरवली. घर्रर्र! शेवंती पहिल्याच झटक्यात सुरू झाली! इंडिकेटर लावला, तर एकटा इंडिकेटरच लुकलुकला. हेडलाइट मिचकले नाहीत. नथ्थूचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“काय केलं गं तुम्ही?” अच्युतकाका खळीचे हात घेऊन धावत आले.

“काही नाही, एक बोल्ट ढिला होता,” प्रणोती घाईने म्हणाली.

आजोबा खाली उतरले, बॉनेटमध्ये वाकले. बोल्टभोवतीच्या चकाकत्या लोखंडावरून त्यांनी बोट फिरवलं.

“ढिला नव्हता,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “मी याच्याखाली रंग दिला होता. चूक माझी आहे, अच्युत.”

मग काकाच पुढे झाले. “बाबा, मला गाडीचं काही नव्हतं हो. त्या दिवशी दोन तास तुमचा फोन लागला नाही, तर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.” ते नथ्थूकडे वळले. “भैया, गाडी बेचना नहीं है. पुढच्या वेळी जरा नीट बघत जा!”

नथ्थूने कान पकडले आणि गिऱ्हाईकाला घेऊन निघून गेला.

आजोबांनी प्रणोतीला जवळ ओढलं. “आणि तू माझ्यासाठी खोटं काहून बोलली?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून,” ती खाली मान घालून म्हणाली.

“वाईट?” आजोबा एवढ्या मोठ्याने हसले की शेजारी डोकावले. “अगं, तीस वर्षं इन्स्पेक्टर लोक माझ्या रंगकामात चूक शोधून राहिले होते. एकालाही सापडली नाही! माझ्या नातवंडांना दोन तासांत सापडली! बसा गाडीत तिघंही. अख्ख्या अधारतालला सांगून येतो!”