सवयधातू आणि मुजावरांचा हात

शिरोलीच्या धातुशाळेत मंगळवारी सकाळी अकरा वाजता एक मॅनिफोल्ड उभा चिरला गेला, आणि डॉ. विश्राम शिंत्रे यांची बोलती बंद झाली. एरवी ती सहसा बंद होत नसे. सभेत दुसऱ्याचं वाक्य स्वतः पुरं करून टाकणाऱ्या माणसांपैकी ते एक होते.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चार सिलिंडरांतला जळका वायू गोळा करून टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, पंख्यावर नेऊन सोडणारा चार नळ्यांचा जुडगा. रस्त्यावरच्या गाड्या केव्हाच विजेवर गेल्या होत्या. उसाच्या अल्कोहोलवर धावणारी इंजिनं उरली होती ती फक्त घाटचढणीच्या शर्यतींत, आणि अशा गाड्या हाताने बांधणारी माणसं उरली होती कोल्हापुरात. या नळ्यांचा आतला व्यास किती ठेवायचा, यावर त्यांची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालत. अरुंद ठेवली तर टर्बो लवकर जागा होतो, पण इंजिन पूर्ण जोरात असताना वायू तुंबतो. रुंद ठेवली तर उलटं. शिंत्रे म्हणाले, आपण कशाला डोकेफोड करायची, धातूलाच ठरवू द्या ना!

आणि त्यांनी खरोखरच तसा मिश्रधातू बनवला. नाव ठेवलं सवयधातू. सातशे अंशांच्या पुढे तापला की तो आतून किंचित मऊ पडतो. वायूचे ठोके जिथे जोरात बसतील तिथे नळी फुगते, बसणार नाहीत तिथे आखडते. पहिले चाळीस तास हे चालतं, मग धातू पक्का होतो. त्या चाळीस तासांत इंजिन जसं चालवाल तसा मॅनिफोल्ड घडतो. नंतर बदलायचा तर वितळवण्यावाचून इलाज नाही. तापलेला असताना जे काही सोसलं ते हा धातू निवल्यावर विसरत नाही, एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

त्या नळ्या जोडणं मात्र येरागबाळ्याचं काम नव्हतं. ते जमायचं उद्यमनगरातल्या बाबालाल मुजावरांना. वय बासष्ट. वेल्डिंगचा टाका घालताना श्वास रोखायचे, आणि तो सुटेपर्यंत भोवतालचे लोकही नकळत आपला रोखून धरायचे. त्यांनी जोडलेली गाडी शर्यतीत चालवायची त्यांचीच मुलगी शमा. बापाने जोडायचं आणि लेकीने पळवायचं, याचं उद्यमनगराला भारी कौतुक.

फेब्रुवारीतल्या शर्यतीत नवव्या वळणावर शमाने पाय पूर्ण दाबला आणि गाडीचा दम कोंडला. तुंबलेल्या वायूने व्हॉल्व्ह जळले, इंजिन बंद पडलं, गाडी उतारावर मागे घसरून कठड्यावर आदळली. शमाचं खांद्याचं हाड मोडलं.

चौकशी समितीत तज्ज्ञ म्हणून अर्थातच शिंत्रे. त्यांनी विजेरी लावून मॅनिफोल्डच्या तोंडात डोकावून पाहिलं, नळ्या आखडलेल्या दिसल्या, आणि तेवढ्यावरून सांगून टाकलं की मुजावरांचा हात आता थरथरतो. हात थरथरला की टाक्यावर उष्णता रेंगाळते आणि नळी आकसते. ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. सगळ्यांनी माना हलवल्या. सवयधातू जोडायची परवानगी असलेल्या कारागिरांच्या यादीतून मुजावरांचं नाव काढलं गेलं. म्हाताऱ्याने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे पोरीचं हाड माझ्या हातानं मोडलं?"

"दुर्दैवाने," शिंत्रे म्हणाले.

आता त्या मंगळवारी. शिंत्र्यांच्या सहकारी डॉ. सुलभा आवटी यांनी दोन वर्षं खपून एक यंत्र उभं केलं होतं, सवयवाचक. सवयधातू काही विसरत नाही ना, मग त्याच्या कणांची रचना उलगडून त्याने काय काय सोसलं ते परत वाचता येईल, असा सरळ हिशेब. पहिला प्रयोग तो फसलेला मॅनिफोल्ड उभा चिरूनच करायचा आग्रह शिंत्र्यांचाच. आपलं म्हणणं यंत्रानेही सिद्ध होईल, हा भरवसा.

आवटीबाईंनी पडद्यावर एक रेघ दाखवली. "हा मुजावरांचा हात. वितळलेला टाका निवताना हाताची हालचालसुद्धा धरून ठेवतो. एकशे बारा टाके आहेत, सर, आणि कुठेही केसाइतका हेलकावा नाही."

"मग नळ्या का आखडल्या?"

"त्या टाक्यांपाशी नाहीच आखडलेल्या. सगळीकडे सारख्या आखडल्यात." त्यांनी दुसरी रेघ पुढे केली. "ही आतली बाजू, पहिले चाळीस तास. या इंजिनाचा जोर चाळीस तासांत एकदाही निम्म्याच्या वर गेलेला नाही. धातूला वाटलं, आपल्याला असंच हळू जगायचंय. कुणी चालवलं होतं?"

विचारायची गरजच नव्हती. चाचणीच्या कागदावर 'शर्यतीच्या पद्धतीने चाळीस तास, पूर्ण' असं लिहिलेलं होतं आणि खाली सही होती वि. शिंत्रे.

खरं म्हणजे त्यांनी लबाडी केली नव्हती, आणि हेच जास्त लाजिरवाणं होतं. नवं इंजिन पहिल्याच दिवशी बडवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांच्या वडिलांची जीप नवी आली तेव्हा मागच्या काचेवर चिठ्ठी होती, 'रनिंगमध्ये आहे', आणि पहिले दोन महिने वडिलांनी ती बैलगाडीच्या चालीने हाकली होती. तेच रक्तात. डोक्यात आयुष्यभराचं धातुशास्त्र, पण पाय वडिलांचा! चाळीस तास जपून चालवलं, मायेने चालवलं, आणि कागदावर पूर्ण म्हणून सही ठोकली. समितीत नळ्या आखडलेल्या दिसल्या तेव्हा ही आठवण मनात डोकावली नव्हती का? डोकावली होती. ती दाबून टाकून त्यांनी मुजावरांचा हात पुढे केला होता.

शिंत्रे घरी गेले आणि जेवले नाहीत. पुढचे अकरा दिवस त्यांनी समितीकडे जायचं टाळलं. कधी ताप आहे म्हणाले, कधी अहवाल पुरा व्हायचाय म्हणाले. बाराव्या दिवशी आवटीबाईंनी सांगितलं की तुम्ही जात नसाल तर मी जाते. तेव्हा कुठे उठले.

समितीपुढे त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं, सहीचं सुद्धा. कान असे तापले होते की पुढे कोण काय बोललं ते त्यांना ऐकूही आलं नाही. मुजावरांचं नाव यादीत परत लागलं. मग ते उद्यमनगरात गेले. दोन्ही रेघांचा कागद म्हाताऱ्यापुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाले की चूक माझी होती, मला माफ करा. मुजावरांनी कागद लांब धरून बघितला, घडी घालून परत दिला आणि चहा सांगितला. चहा शमाने आणला. बापाचा कप तिने अर्धाच भरला होता.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती शिंत्र्यांना म्हणाली, "सर, दहा आठवडे अब्बा रोज सकाळी उठून हात समोर धरून बघत बसतात. थरथरतो का म्हणून. वेल्डिंगच्या टॉर्चला शिवले नाहीत ते. तुम्ही आता नवीन मॅनिफोल्ड त्यांच्याकडूनच करून घ्या. नाहीतर असेच बसून राहतील. आणि दिवाळीच्या शर्यतीत बसणार मीच आहे."

शिंत्रे हो म्हणाले. त्यांना तर तेच हवं होतं. एवढं केलं की आपलं फिटलं, असं मनातून वाटलं त्यांना. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो!

पुढच्या सोमवारी मुजावर धातुशाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, नवे हातमोजे. आधी नमुन्याचा एक सांधा करून बघायचं ठरलं. त्यांनी नळीत करंगळी फिरवून कड तपासली, डोळ्यांवर काळी काच ओढली, श्वास रोखला. आवटीबाईही श्वास रोखून उभ्या राहिल्या. बारा टाके झाले. सांधा दिसायला सुरेख होता, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक. निवल्यावर तो सवयवाचकात ठेवला आणि पडद्यावर रेघ उमटू लागली.

रेघ सरळ नव्हती. तिसऱ्या टाक्यापासून ती कापत होती, बारीक बारीक, सारखी, शेवटपर्यंत. आवटीबाईंनी शिंत्र्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"कसा आलाय, सायेब?" मुजावरांनी हातमोजे काढत विचारलं.

छान आलाय, असं म्हणणं किती सोपं होतं. डोळ्यांना तो छानच दिसत होता. पण सातशे अंशांवर, पूर्ण जोरात, तो सांधा पाचव्या टाक्यापाशी फुटणार होता, आणि मागे स्टिअरिंगवर शमा असणार होती. शिंत्र्यांनी सांधा यंत्रातून काढून हातात घेतला. "चाचा," ते म्हणाले, "हात कापतोय तुमचा. हा सांधा टिकणार नाही."

मुजावरांनी मान हलवली. जाऊन गॅसची टाकी बंद केली, हातमोज्यांची जोडी नीट एकात एक घातली.

"खरं सांगितलंत, बरं झालं. पोरगी बसणार हाय त्यात." जोडी खिशात टाकत ते म्हणाले, "म्हंजे तवाबी खरंच हुतं."

"नाही, चाचा! तेव्हा नव्हतं!" शिंत्र्यांनी घाईघाईने ती जुनी रेघ पडद्यावर आणली, एकशे बारा टाक्यांची, सरळसोट. "ही बघा. ही तुमचीच आहे. तेव्हा तुमचा हात—"

मुजावरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. समजूत काढायला त्यांनी उजवा हात शिंत्र्यांच्या खांद्यावर ठेवला. तो थरथरत होता, आणि शिंत्र्यांना ते सदऱ्यातून कळत होतं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ते म्हणाले. "माझं मन राखायला किती खोटं बोलशिला?"