बाबांची टोपी

“बाबा, परवाच्या शपथेच्या समारंभाला तुम्ही येऊ नका,” असं तो एकदाचं बोलून गेला, आणि बोलताना नजर मात्र त्याच समारंभासाठी ते शिवत असलेल्या काळ्या झग्यावर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत बघायची त्याची छाती झाली नाही. म्हातारा शिंपी नुसतं “बरं” म्हणाला. कारण विचारायची गरजच नव्हती... त्या विद्यापीठात ज्यू माणसाला प्राध्यापकाची खुर्ची मिळत नसे, आणि त्याने इतकी वर्षं आपला धर्म ओठांवर येऊ दिला नव्हता. ज्या बापाने सुईत डोळे घालून त्याला शिकवलं, त्याच बापाला आता लपवायचं!

तेवढ्यात सूर्य मावळला. शुक्रवारचा सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागे, आणि मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या घरात सुईला हात लावायचा नाही म्हणजे नाही. तोवर थांबायला त्याला सवड नव्हती. झगा उचलून तो निघून गेला, आणि झग्याची खालची दुमड कच्च्या टाक्यांवरच राहिली.

रविवारी सभागृहाच्या पायऱ्या चढताना नेमकी तीच उसवली आणि पायात आली. शेजारून चालणाऱ्या कुलगुरूंनी त्याला सावरलं. मान वर करून बघतो तर दाराशी बाबा! हातात सुईदोरा, डोक्यावर नेहमीची जुनी गोल टोपी. दुमड पक्की करून आल्या पावली परतायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

“हे कोण?” कुलगुरूंनी विचारलं.

“आमचे... शिंपी.”

जीभ झडली कशी नाही! बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “साहेब, जरा सरळ उभं राहा,” म्हणत ते त्याच्या पायाशी बसले आणि टाके घालू लागले. बाप पायाशी, आणि मुलगा साहेब होऊन ताठ उभा... धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

कुलगुरू तसे सज्जन. “शिंपीबुवा,” ते हसून म्हणाले, “इथे डोकं उघडं ठेवतात. टोपी काढा पाहू.”

सुई थांबली. देवाच्या नजरेखाली उघड्या डोक्याने राहायचं नाही, हा बाबांचा जन्माचा नेम. तापाने फणफणले असतानाही त्यांनी तो मोडला नव्हता. पण नाही म्हणावं तर मुलाचं बिंग फुटणार! त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं... आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ते विरळ पांढरं डोकं पाहून त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तो वाकला. त्याने ती टोपी उचलून बाबांच्या डोक्यावर ठेवली.

“हे माझे वडील आहेत,” तो म्हणाला. “आम्ही ज्यू आहोत.”

कुलगुरूंचं हसू मावळलं. शपथ झाली नाही, खुर्चीही गेली. अर्धी शिवलेली दुमड तशीच सोडून, झगा कठड्यावर टाकून बापलेक रस्त्याला लागले.

“मला माफ करा, बाबा...” एवढंच त्याच्या तोंडून फुटलं, आणि तो भर रस्त्यात लहान मुलासारखा रडू लागला. म्हाताऱ्याने त्याचा दंड घट्ट धरला. त्यांचाही चेहरा शरमेने उतरला होता. मग इकडेतिकडे पाहत ते हळूच म्हणाले,

“घरी गेल्यावर आईला सांगू नकोस हं.”

“काय, बाबा?”

“मी टोपी काढली ते.”