माझ्या किल्ल्यातला फितूर

माझ्या किल्ल्याला चोरवाट आहे, हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग संगणकाच्या पडद्यावर ही जाहिरात कशी आली, 'चोरवाटेसाठी छोटे दिवे हवेत का?'

मंगळावरच्या आमच्या वसाहतीतही दिवाळीला किल्ले होतात. मातीला तोटा नाही, पाणी मात्र किल्ल्यासाठी प्रत्येकाला दोनच लिटर. म्हणून आधी संगणकावर आराखडा काढायचा आणि मगच चिखल करायचा. गेली दोन वर्षं किल्ल्यांच्या स्पर्धेत पहिला नंबर शेजारच्या रेणुका पाटणकरचा. सगळे तिच्या बुरुजांना 'वा, वा' म्हणायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

स्पर्धा चार दिवसांवर आली आणि माझा संगणक हलेना. एक जाहिरात बंद केली की दोन उघडायच्या. हे रेणुकाचंच काम, तीच माझ्या संगणकात डोकावते, असं मी ठरवून टाकलं. तडक तिच्या दारात गेले आणि तिला 'चोरटी' म्हणून आले. तिनं घाईघाईनं दार लावून घेतलं. त्याचा मला आणखी राग आला.

माझी मंदाआत्या वसाहतीचे संगणक सांभाळते. मी तिला लगेच बोलावलं. तिनं आल्या आल्या माझ्या संगणकाचं नेटवर्क तोडलं.

"शाल्मली, यात नवीन काय घेतलंस?"

"काही नाही."

"खरं सांग गं."

"एक फुकटचा प्रोग्राम. 'शेजाऱ्याचा किल्ला पाहा' नावाचा." माझा आवाज बारीक झाला. "पण रेणुकाचा किल्ला दिसलाच नाही."

"फुकट ते पौष्टिक! परवानग्या वाचल्यास?"

"सगळीकडे 'हो' दाबलं."

"म्हणजे तटावरून कुणी चढलंच नाही. तूच दरवाजा उघडून फितुराला आत घेतलंस. हा स्पायवेअर (आपल्या नकळत आपली माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम). तू काय काढतेस, काय शोधतेस, ते तो कळवत होता. त्याचा जोडीदार अ‍ॅडवेअर (जबरदस्तीनं जाहिराती दाखवणारा प्रोग्राम). तो त्यावरून तुला दिवे विकत होता."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी.

आत्यानं तो प्रोग्राम काढून टाकला. मग हेर शोधणारा प्रोग्राम चालवला, तर त्याच्याबरोबर लपून आलेले आणखी तीन सापडले; तेही काढले. पासवर्ड मात्र तिनं स्वतःच्या संगणकावरून बदलायला लावले.

"याच्यावरून का नाही?"

"एखादा फितूर उरला असला, तर नवा पासवर्डही त्याला कळेल ना!"

शेवटी तिनं मला वेगळं खातं करून दिलं. त्यातून मोठ्यांना विचारल्याशिवाय काहीच बसवता येत नाही.

"आणि बाहेर गेलेली माहिती?"

"ती परत येत नाही, बाळा."

मग मी रेणुकाकडे गेले. 'चुकले' हा शब्द तोंडातून निघता निघेना. कसाबसा काढला, त्या फुकटच्या प्रोग्रामचंही सांगितलं, तेवढ्यात तिच्या मागे तिच्या संगणकाचा पडदा दिसला. त्यावर जाहिरातींची नुसती झुंबड उडाली होती.

रेणुका लाल झाली. "मीपण तोच प्रोग्राम घेतला, तुझा किल्ला बघायला. तुला सुचतं तसं मला सुचत नाही."

दोनदा पहिली आलेली रेणुका माझ्यावर जळत होती! मला इतका आनंद झाला, की त्याची लाजच वाटली.

"आधी नेटवर्क तोड," मी म्हणाले. तिनं तोडलं. नव्या जाहिराती थांबल्या, उघड्या होत्या त्या तिनं बंद केल्या आणि त्यांच्याखालचा तिचा आराखडा समोर आला. त्याचा एक कोपरा दिसला आणि मी मान वळवली.

"तो झाक आधी," मी म्हणाले. "चार दिवसांनी बघेन. सगळ्यांबरोबर."