उडता टॉवर आणि केवळाबाईची गोफण

वरच्या धरणाचे दरवाजे दिवस मावळायच्या आत उघडणार होते आणि पैनगंगेच्या वळणातल्या वाडीला त्याचा पत्ताच नव्हता. मोबाईलचा टॉवर पुरात कोलमडलेला, पूल पाण्याखाली, होडी अजून नांदेडहून निघायचीच होती. म्हणून लातूरची इंजिनिअर लुंबिनी, ड्रोन उडवणारा बालाजी आणि हदगावचा वाटाड्या शेषेराव असे तिघे ‘उडता टॉवर’ घेऊन निघाले होते. नदीअलीकडच्या टेकडीवर चढायचं, ड्रोन वर टांगायचा, त्याने हदगावकडून रेंज घेऊन वाडीला द्यायची आणि फोन करून सांगायचं, गुरंढोरं घेऊन मागच्या माळावर चढा. मोहीम एवढीच होती.

एवढीच! पंख्याखाली बसून ही योजना आखणाऱ्यांना लुंबिनीने मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. काळी माती एकदा घोट्याला चिकटली की सुटत नव्हती. कुजलेल्या सोयाबीनचा वास नाकातून घशात उतरत होता. बाभळीला एक मेलेलं वासरू अडकलं होतं, फुगून टम्म झालेलं, आणि त्याच्यावरून उठलेल्या माशा आता तिच्या ओठांवर बसत होत्या. ती थुंकली. माशा पुन्हा बसल्या.

“म्याडम, तोंड झाका,” शेषेराव म्हणाला. “अजून एक वढा हाय.”

ओढ्याला छातीभर पाणी होतं. बालाजीच्या डोक्यावर छोटा जनरेटर. मध्यावर त्याचा पाय घसरला! जनरेटर कलंडला! लुंबिनीने झेप घेतली, दांडी पकडली आणि ओढ्याचं ते घाण पाणी घोटभर तिच्या पोटात गेलं. काठावर येऊन ती भडाभडा ओकली. तिने तोंड पुसलं आणि तिघे पुन्हा चालू लागले.

टेकडीवर जनरेटर एकदाचा धडधडला. त्याला तारेने बांधलेला, तारेतूनच वीज घेणारा ड्रोन वर गेला आणि घारीसारखा एका जागी थांबला. रेंज आली! पहिला फोन आला तो नांदेडच्या साहेबांचा.

“फोटो पाठवा. तिघांचा. मागे ड्रोन दिसला पाहिजे.”

लुंबिनीने फोन कापला. असल्या माणसाच्या हाताखाली आपण राबतो, याची तिला शिसारी आली.

शेषेरावने वाडीतल्या मावशीला, केवळाबाईला, फोन लावला. बंद! सरपंचाला लावला. बंद! बालाजीच्या रिमोटच्या पडद्यावर वाडीतले फोन एकेक करून जोडले गेले होते, तसेच ते आता एकेक करून विझत होते. बालाजीने दुर्बीण लावली.

“समदे भाईर येऊन ड्रोनकडं बोट दावून राहिले. फोन बंद का करायलेत हे?”

शेषेरावचं तोंड एवढंसं झालं. “म्याडम, ते ड्रोनवाल्या चोरांचं हाय. ड्रोन दिसला की फोन बंद करा, न्हाईतर खात्यातले पैसे वढून घेतो, असा व्हिडिओ फिरला होता.”

“वाडीत कुणी पाठवला?”

“म्याच. आलं ते पुढं ढकललं. खरं का खोटं, मला काय ठावं!”

इतका वेळ तिला चिखलाची किळस येत होती. ती काहीच नव्हती. आलं ते पुढं ढकललं! नदीही तेच करते, पण तिला डोकं दिलेलं नाही. तिने शेषेरावकडे पाठ फिरवली. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

ओरडून उपयोग नव्हता, नदी कुणाचं ऐकू देत नव्हती. पलीकडच्या काठाला वाडीची देवणी जातीची गुरं निवांत चरत होती.

“भितात ना ड्रोनला?” लुंबिनी दात-ओठ खात म्हणाली. “मग चांगलं भिऊ देत. तार सोड. गुरांच्या मागे घाल आणि माळाकडे हाक!”

“बॅटरी परत यायला पुरणार न्हाई, म्याडम! हा एकच हाय आपल्याकडं. साहेब...”

“साहेबाला फोटो पाहिजे ना? आत्ताच काढून घे!”

तार सुटली. ड्रोन नदीवरून झेपावला, खाली आला, अगदी गुरांच्या शिंगांवर! गुरं उधळली. शेपट्या वर, माळाकडे! गुरांमागे बाया, बायांमागे गडी, कडेवर पोरं! ड्रोन डावीकडे. ड्रोन उजवीकडे. मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांवर बालाजीने तो असा घातला, की तेही काठ्या टाकून पळाले!

माळाच्या माथ्यावर हिरव्या लुगड्यातली एक बाई मात्र थांबली. तिने डोक्याभोवती गोफण गरगर फिरवली. एकच धोंडा! पडदा काळा झाला.

“मावशी हाय ती,” शेषेराव पुटपुटला.

दिवस मावळता मावळता गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि वाडीतली घरं पत्र्यापर्यंत बुडाली. घरांत कुणी नव्हतं.

सकाळी होडी आली. तिघे माळावर पोचले, तेव्हा केवळाबाई गुरांच्या शेणामुतात ऐसपैस बसली होती आणि ड्रोनचे तुकडे तिने पदरात बांधून घेतले होते.

“शेष्या, चोराचं इमान पाडलं म्या!” तिने गाठ सोडून दाखवली. मग कंबरेचा फोन काढून हवेत नाचवला. “लेकीला कळवावं म्हनलं, आमी समदे जित्ते हाव. तर कालपासून रेंजच न्हाई मुडद्याला! सरकारला काई लाज?”

लुंबिनीने तुकड्यांकडे पाहिलं, मग माळभर पसरलेल्या जित्या माणसांकडे.

“रेंज तुमच्या पदरातच आहे, मावशी.”