खरबूज चिखलात कसं आलं?

डोळे मिटा पाहू! समोर ताजिक मुलखातला भला थोरला जलाशय आहे. वर शहरातले पाहुणे डुंबताहेत आणि त्याच पाण्यावर खालची गावं पिकताहेत. किती गोड उन्हाळे होते ते! पत्र्याच्या होड्या कुरकुरायच्या, वाऱ्याला जर्दाळूंचा वास यायचा.

सुट्टीला आलेली मेहरंगेज सकाळी पाटाकडे धावली. गार व्हायला पाण्यात ठेवलेलं खरबूज चक्क चिखलात पडलं होतं!

"बोबो, पाट आटला!"

आजोबांचा चेहरा उतरला. आज पाण्याची पाळी त्यांची होती. सूर्य मावळला की पाणी शेजारच्या हबीबाखालाचं. पुढच्या पाळीपर्यंत जर्दाळूची नवी रोपं कशी तगणार?

मेहरंगेज, मामेभाऊ कोमरोन आणि धाकटा सिनो धरणाकडे सुटले. पाटाचं दार होडीवाल्या तुरसुनकाकांच्या ताब्यात असे.

"दार उघडंच आहे!" काका पाहुण्यांच्या गडबडीत होते. "पाणी माशांनी प्यायलं असेल. पळा!"

"मासे एवढं पितात?" सिनोने विचारलं.

"गप रे, बावळ्या!" कोमरोन म्हणाला.

मेहरंगेजचं लक्ष मात्र दाराजवळच्या सावलीकडे होतं. तिथे पाहुण्यांच्या होड्या खुशाल डुलत होत्या.

"काका, आम्हीपण होडी घेऊन तिकडे जाऊ?"

"जा की!"

"पण काल तर ओरडलात, पाणी दाराकडे ओढतं म्हणून! आज नाही ओढत?"

"काय? ओढतं?" होडीतल्या बाई किंचाळल्या.

तुरसुनकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "या खुदा! यांना सावलीत बसायचं होतं म्हणून घटकाभर बंद केलं, अन् विसरलोच की!"

"थांबा, आधी होड्या बाजूला!" मेहरंगेज ओरडली.

होड्या हलल्या, दाराचं चाक फिरलं आणि पाणी धो धो निघालं! मुलं काठाकाठाने त्याच्याशी शर्यत लावत घरी आली.

"शाबास, पोरी! मोठ्यांना सुचलं नाही ते तुला सुचलं," आजोबा म्हणाले.

पण पाणी उशिरा आलं होतं. सूर्य मावळतीला टेकला तेव्हा रोपांची शेवटची ओळ कोरडीच होती. खांद्यावर फावडं टाकून हबीबाखाला बांधावर आली होती.

मेहरंगेजने ढेकळं रचून आपल्या पाटाचं तोंड बुजवलं, पाणी खालाच्या रानात वळवलं. मग तिने बादली उचलली आणि जलाशयाची वाट धरली.