घशातली वाळू

"माझ्या भावाला माझ्या नवऱ्यानं मारलं का, एवढंच शोधून द्या," बाई दारातच म्हणाली. "मारलं असेल तर तेही तोंडावर सांगा. मग त्याला मी जन्मात ताट वाढणार नाही."

आत्यानं तिला बसवलं. पोलिसातून निवृत्त झाल्यावर खाजगी तपास करणारी आत्या गावभर याच नावानं ओळखली जाई. सोबत तिचा खरा भाचा. वय चाळीस, वजन त्याहून बरंच जास्त आणि डोकं गाडी चालवण्यापुरतं.

नदीच्या वाळूत टायटॅनियमची जड, काळी वाळू किती आहे हे शोधायला एका कंपनीनं काठावर तळ ठोकला होता. बाईचा भाऊ तिथला भूवैज्ञानिक. नवरा बोअरवाला; तो वाळूत लोखंडी रॉड ठोकून खालचे नमुने काढायचा. नमुन्यांत तू काहीतरी कालवतोस, असा आरोप भावानं केला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या सकाळी भाऊ काठावर पालथा सापडला. डोकं मागून फुटलेलं, तोंड काळ्या वाळूच्या पट्ट्यात रुतलेलं, शेजारी नवऱ्याचा रक्ताळलेला रॉड. चिडलेल्या मजुरांनी पोलीस यायच्या आत नवऱ्याच्या दोन्ही हातांची बोटं दगडानं ठेचली.

शवागारातल्या डॉक्टरनं आत्याच्या हातात एक बाटली ठेवली. घावानं तो फक्त खाली पडला असणार, डॉक्टर म्हणाला. मग कुणीतरी मान धरून त्याचं तोंड वाळूत दाबलं आणि तो तडफडायचा थांबेपर्यंत सोडलं नाही. बाटलीतली काळी वाळू घशातून निघाली होती. भाच्याला बाहेर जाऊन बसावं लागलं.

बोअरवाला इस्पितळात पोलीस पहाऱ्यात पडून होता, हातांची दोन गाठोडी झालेली. संशय आहे ना, मग स्वतः थाळी घे आणि काठावर वाळू धुऊन बघ, असं आपणच मेव्हण्याला सुनावलं होतं, असं त्यानं सांगितलं. मेव्हण्यानं संध्याकाळी वाळू धुतली, खिशातला चुंबक तिच्यावर फिरवला आणि तो तडक तळाकडे गेला. त्यानंतर त्याला पाहिलंच नाही.

मॅनेजर त्या रात्री शहरात मालकांच्या पंगतीत होता. पन्नास माणसांनी पाहिला होता. राहिला प्रयोगशाळेचा रसायनतज्ज्ञ. स्वच्छ नखांचा, हळू बोलणारा माणूस. बोअरवाल्याचे रॉड प्रयोगशाळेच्याच दाराशी भिंतीला टेकून ठेवलेले असत.

आत्याला त्यानं सगळं हौसेनं दाखवलं. आधी हलकी वाळू धुऊन टाकायची, उरलेली काळी वाळू वाळवायची, मग तिच्यावर लोहचुंबक फिरवायचा.

"लोखंडाचे कण चिकटून निघून जातात. ते आम्हाला नकोत. उरतं ते टायटॅनियमचं." त्यानं काळ्या वाळूचा भरलेला ट्रे पुढे सरकवला. "नदी श्रीमंत आहे, आत्या. आणि या खोलीची किल्ली कायम माझ्या गळ्यात. मॅनेजरलासुद्धा मागावी लागते."

आत्यानं त्याचा चुंबक मागून घेतला आणि भाच्याला काठावरच्या त्याच काळ्या पट्ट्यातली वाळू धुवायला लावली. तो दोनदा पाण्यात आपटला, पण थाळीच्या तळाशी काळं उरलेलं पाहून खूश झाला. आत्यानं वाळू उन्हात सुकवून वर चुंबक धरला. जवळजवळ सगळी वाळू उडून चिकटली. थाळीत उरली ती नखावर मावेल इतकी.

"गेलं की सगळं टायटॅनियम," भाचा हिरमुसला.

"नव्हतंच कधी. फौजदाराला बोलाव."

फौजदार, मॅनेजर आणि बाई प्रयोगशाळेत जमले. आत्यानं बाटली कागदावर रिकामी केली आणि वर चुंबक फिरवला. एक कणही हलला नाही.

"काठावरची काळी वाळू म्हणजे लोखंड. घशातल्या वाळूत लोखंड नाही, कारण ते आधीच काढलेलं होतं. म्हणजे तो काठावर मेलाच नाही. या ट्रेमध्ये मेला. आणि या खोलीची किल्ली कायम एकाच गळ्यात." आत्या रसायनतज्ज्ञाकडे वळली. "नदीत टायटॅनियम नाही हे त्याला धुतलेल्या वाळूवर चुंबक फिरवताच कळलं. मग तुमच्या ट्रेमध्ये एवढं आलं कुठून? तुम्ही बाहेरची वाळू कालवत होता. तो विचारायला आला, तुम्ही दारातला रॉड त्याच्या डोक्यात घातला, तोंड ट्रेमध्ये दाबलं. मग नेऊन टाकायला बरोबर काळा पट्टा शोधलात. रंग जुळला म्हणून निश्चिंत झालात."

"नदी रिकामी निघाली असती तर तळ उठला असता, मग मला कोण विचारणार होतं?" तो पुटपुटला, आणि कुणाला कळायच्या आत ट्रे उचलून त्यानं आत्याच्या तोंडावर हाणला. आत्याचं कपाळ फाटलं. दुसरा घाव बसायच्या आत भाच्यानं त्याला आडवा केला आणि छातीवर बसला. बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बेड्या पडेपर्यंत भाचा उठला नाही.

बाई घरून डबा घेऊन थेट इस्पितळात गेली. पहारा उठला होता. तिनं डबा उघडला, ताट वाढलं.

"मला तुझा संशय आला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. तू भेटायला आली नाहीस ना."

त्यानं गाठोडं झालेला हात ताटाकडे नेला आणि तसाच मागे घेतला. बाई पलंगावर बसली, घास केला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं तोंड उघडायला बराच वेळ लावला. तोवर तिनं हात खाली घेतला नाही.