निजवलं त्यानंच उठवावं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट, आणि वेळ भर दुपारची. असलं सगळं रात्रीच घडतं, हा आपला उगाच समज.

मावशी कर्नाटक संगीत गायची. घरामागच्या देवळात तिची रोजची सेवा होती. दुपारी दार लावताना नीलांबरी रागात देवाला निजवायचं पद म्हणायचं. ऊन कललं की उठवायचं पद.

नियम एकच. ज्यानं निजवलं, त्यानंच उठवायचं.

पूर्वी म्हणे तिथली एक गायिका देवाला निजवून परस्पर दरबारात गायला गेली. देवाला दुसऱ्याच कुणी उठवलं.

"मग काय झालं?" मावशीनं एकदा पुजारीबुवांना विचारलं होतं.

"ते विचारू नये," बुवा म्हणाले.

त्या दिवशी निजवायचं पद संपलं आणि स्टुडिओतून निरोप आला. मावशीच्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डिंगची वेळ अलीकडे आली होती. आत्ता या, नाहीतर दुसरीला घेतो.

ती गुरुबहिणीला म्हणाली, "संध्याकाळचं तेवढं तू म्हण गं."

बुवा आडवे आले. मावशीनं ऐकलं नाही. देवाला सुराशी मतलब, गळा कुणाचा का असेना, असं तिला वाटलं.

रेकॉर्डिंग झकास झालं. गुरुबहिणीनं वेळेवर पद म्हटलं, देवळाचं दार उघडलं, सगळं यथासांग पार पडलं. मावशी हवेत तरंगतच घरी आली.

घरात दिवा नव्हता...

काका, म्हणजे तिचे यजमान, दिवाणावर झोपले होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान. जेवण झालं की घटकाभर लवंडायचं आणि दुकान उघडायला जायचं, हा शिरस्ता. गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. "तुझ्या गाण्यानं झोप फार छान लागते," म्हणून ते मावशीला चिडवायचे.

"अहो, उठा. दुकान उघडायचं नाही का?"

काका हलले नाहीत.

तिनं गदागदा हलवलं. तोंडावर पाणी मारलं.

श्वास संथ चालला होता. नीलांबरीच्या लयीत...

डॉक्टर आले. नाडी ठीक, छाती ठीक. "गाढ झोपलेत," एवढंच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

मावशी अनवाणी देवळात धावली.

"बुवा, देव उठलाय ना? मग हे का उठत नाहीत?"

बुवा म्हणाले, "देवाला कुणीही उठवेल, बाई. पण त्या पदानं देव एकटा निजत नाही. म्हणणाऱ्याच्या घरचंही एक माणूस निजतं. जा, आधी त्याला उठव."

ती परत आली. काकांच्या उशाशी बसून तिनं उठवायचं पद म्हटलं.  शेवटच्या ओळीला काकांनी डोळे उघडले.

"चहा टाकतेस?" ते म्हणाले.

मावशी हमसून हमसून रडली. तिला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कसलं काय! दुसऱ्या दिवशी तिनं निजवायचं पद म्हटलंच नाही, तरी दुपारी काका पुन्हा तसेच. मावशी गायली तेव्हा उठले. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्याला आता वर्षं लोटली. मावशीनं दुपारी घर सोडलेलं नाही. स्टुडिओवाले बोलावून बोलावून थकले. तिनं हूं की चूं केलं नाही. एवढ्यावर माणूस मिळतंय ना, म्हणायची.

पण गेल्या महिन्यात तिचा घसा बसला. गुळण्या केल्या, वाफ घेतली. आवाज फुटेना.

त्या दुपारी मीच तिच्याकडे होतो.

मावशी काकांच्या कानाशी वाकली आणि नुसत्या श्वासानं पद म्हणू लागली. एकदा. परत एकदा. बाहेर अंधारून आलं.

आणि काकांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते...

आवाज काकांचाच. पण मावशीला जन्मभर "अगं" म्हणणारा माणूस असा बोलत नाही.

"बाई, तुमचा गळा गेला," ते म्हणाले. "आता आम्हा दोघांना कोण उठवणार?"

मावशीनं माझा हात घट्ट धरला.  दुसऱ्या दिवशी तिचा थोडा आवाज फुटला, तेव्हा कुठं काका उठले. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

मावशी आता थकली आहे. ते पद तू शिकून घे, म्हणून माझ्या मागं लागली आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. काका माझ्या आवाजानं उठले नाहीत तर एक वेळ समजू शकतो. पण देवाला कुणीही उठवेल, असं बुवा म्हणाले होते. काकांच्या आत फक्त तो दुसराच उठला तर?